पानं कापली

साल दोन हजार अठरा. नामिगावू गावाच्या वाटेवर पहिल्यांदा खडी पडली ते वर्ष, आणि नालोंगोच्या मुलीचं, नाकाटोचं, लग्न ठरलं तेही वर्ष. खडी दोन पावसाळ्यांत वाहून गेली आणि लोक तिला विसरले. त्या लग्नाच्या आधीचे चार आठवडे मात्र नालोंगो कधी विसरली नाही. म्हातारपणी माणसाला सकाळचं जेवण आठवत नाही, पण असं काही असलं की त्या दिवशी अंगावर कुठलं लुगडं होतं तेसुद्धा आठवतं. तिला आठवायचं. जांभळी बुसुटी होती, तिकडच्या बायकांचा पायघोळ झगा, खांद्याला टोकदार, कमरेला पिवळा पट्टा.

तिचं खरं नाव केविना नाब्बोसा. पण जुळ्या मुली झाल्या त्या दिवसापासून तिला कुणी केविना म्हटलं नाही. जुळ्यांची आई ती नालोंगो, बाप तो सालोंगो. मुलींची नावंही जन्माआधीच ठरलेली, आधी आली ती बाबिर्ये, मागून आली ती नाकाटो. बाबिर्ये लवकर लग्न होऊन जिंजाला गेली. नाकाटो शिकली, नर्स झाली, आणि तिशीला टेकल्यावर एकदाची कुणाला तरी हो म्हणाली.

नालोंगोच्या घराभोवती तिची केळीची बाग होती. तिकडे बाई कशी आहे हे कुणाला विचारत नाहीत, तिची बाग बघतात. वाळकी पानं वेळच्या वेळी उतरवलेली असावीत, खाली पाचोळ्याची मऊ गादी असावी, एका बुंध्यापाशी तीनच खांब असावेत, एक आजी, एक आई, एक लेक, बाकीचे मुनवे काढून टाकलेले. नालोंगोची बाग तशी होती. लोक रस्ता सोडून आत यायचे आणि उगीचच म्हणायचे, "इथे गार वाटतं."

दोन वर्षांपूर्वी शहरातल्या एका संस्थेने तिला एक फोन दिला होता. केळीवर मर रोग पसरत होता. एक खांब कोमेजला की बघता बघता अख्खी बाग जायची. त्या संस्थेकडे आकाशातून फोटो यायचे, दर पाच दिवसांनी एक. ढग असले तर पंधरा दिवससुद्धा काही दिसायचं नाही. फोटोत गाव हिरवं असायचं आणि जिथे पानांत बिघाड असेल तिथे लाल ठिपका. एक ठिपका म्हणजे दहा पावलं लांब, दहा पावलं रुंद. बिघाड आहे एवढंच त्या आकाशातल्या डोळ्याला कळायचं. कशाचा, ते कळायचं नाही. त्यासाठी कुणीतरी पायांनी तिथे जाऊन उभं राहायचं, बघायचं आणि फोनवर चार उत्तरांतलं एक द्यायचं: वाऱ्याने पडली. नवी लागवड. पानं कापली. रोग. सोबत एक फोटो.

ते पायांनी जाणारं माणूस म्हणजे नालोंगो.

सुरुवातीला बायका हसल्या. सालोंगोची बहीण गोरेत्ती, म्हणजे मुलींची सेंगा, आत्या, तिची जीभ तर कुणाच्या हातातली नव्हती. "अगं, आपल्या घरात कोण काय शिजवतं ते शेजारणीला दिसत नाही, आणि त्या वरच्याला पान पिवळं झालेलं दिसतं?"

"दिसतं, सेंगा."

"मग त्याला विचार, माझा नवरा शनिवारी कुठे असतो."

पण पहिल्याच वर्षी वरच्या आळीत लाल ठिपका आला, नालोंगो गेली, खांब कापून पाहिला, आणि आतून पिवळा पू आला. सहा घरांच्या बागा वाचल्या. त्यानंतर कुणी हसलं नाही. लोक तिला आकाशवाली म्हणायला लागले, आधी चेष्टेने, मग नुसतंच. तिलाही ते आवडायला लागलं. ती सगळ्यांना धडे द्यायची. केळफूल सुरीने कापायचं नाही, बेचक्याच्या काठीने मोडायचं. एका बागेतून दुसऱ्या बागेत जाताना कोयत्याची धार जाळावर धरायची, तवा तापतो तशी तापवायची, मगच पुढचं पान कापायचं. रोग निघाला की दया नाही, त्याच दिवशी खांब मुळासकट काढायचा. एका बाईने हात जोडून ईस्टरपर्यंत थांब म्हटलं होतं, घरी माणसं येणार होती. नालोंगोने तिला एक दिवसही दिला नाही. "रोग कॅलेंडर बघत नाही," असं तिला सगळ्यांसमोर म्हणाली. चांगलं वाक्य वाटलं होतं तिला ते तेव्हा.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, क्वांजुलाला चार आठवडे उरले असताना, फोन वाजला. क्वांजुला म्हणजे मुलाकडचे लोक वाजतगाजत मुलीच्या घरी येतात, ओळखी होतात, टोपल्या येतात, आणि मुलीची आई सगळ्यांना मटोके, म्हणजे पानांत बांधून वाफवलेली हिरवी केळी, जेवू घालते. नालोंगो तांदूळ निवडत बसली होती. फोनवर लाल ठिपका होता. तिने तो बोटांनी मोठा केला. आंब्याचं झाड ओळखू आलं, पत्र्याचं छप्पर ओळखू आलं. ते तिचंच छप्पर होतं. ठिपका स्वयंपाकघराच्या मागे होता.

ती उठून मागे गेली. तिथे नाकितेंबे जातीच्या केळी होत्या, मऊ, सोनेरी शिजणाऱ्या, सासूने लावलेल्या. दोन खांबांची पानं मधूनच मोडल्यासारखी लोंबत होती. एका घडातली चार केळी पिकली होती आणि बाकीची हिरवी होती. तिने एक हिरवं केळं मोडलं. आत गंजासारखा तपकिरी रंग होता. मग तिने कोयत्याने खांबाला चीर दिली आणि उभी राहिली. वाट बघावी लागलीच नाही. पिवळे थेंब आले, एकामागून एक, जखमेतून येतात तसे.

तिला सगळं माहीत होतं. शंभर बागांत तिने हेच पाहिलं होतं आणि लगेच "रोग" दाबलं होतं. आता तिने अंगठा फोनवर धरला आणि तिच्या डोळ्यांपुढे मुलाकडची माणसं आली. रोग लिहिला की आजच हे वीस खांब उपटायचे. घरामागे मोकळा खड्डा. त्या बागेतलं पान बाहेर जायचं नाही, घड बाहेर जायचा नाही. जेवणाला लागणारी सगळी पानं दुसऱ्यांच्या दारातून मागून आणायची. मुलाची सेंगा येईल, मागे हात धुवायला जाईल, खड्डा बघेल, आणि परत जाताना गाडीत म्हणेल, "आकाशवालीच्या घरातच मर निघाली."

चार आठवडे. चारच. त्यानंतर आपण स्वतः उपटू, असं तिने ठरवलं.

तिने दाबलं, "पानं कापली."

फोटो मागितला तेव्हा ती तिथेच उभी राहिली, फक्त वळली, आणि समोरच्या निरोगी खांबाचा फोटो काढला. ती कुठे उभी आहे ते फोनला कळायचं. तिचं तोंड कुठे आहे ते कळायचं नाही.

घरात आल्यावर तिला वाटलं की खोटं फारच उघडं आहे. म्हणून संध्याकाळ व्हायच्या आत ती परत गेली आणि त्या कोपऱ्यातली बारा-पंधरा पानं खरोखरच कापली. आता ते खोटं राहिलं नाही असं तिने स्वतःला सांगितलं. कापलेली पानं कोंबड्यांच्या खुराड्यामागे टाकली आणि हात राखेने धुतले. कोयता मात्र जाळावर धरला. तेवढं तिने केलं, आणि पुढे कित्येक वर्षं ती तेवढ्याच गोष्टीला धरून बसायची.

दहा दिवसांनी ढग हटले आणि दुसरा फोटो आला. ठिपका दोन ठिपक्यांएवढा झाला होता. तिने पुन्हा तेच उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी लुब्वामाचा फोन आला. लुब्वामा म्हणजे संस्थेतला मुलगा, तिशीचा, गळ्यात कायम कसलीतरी ओळखपत्राची दोरी, पण बोलायला गोड.

"नालोंगो, तुमच्याकडे इतकी पानं कशाला कापताय? हॉटेल काढलंत की काय?"

"नाकाटोचं क्वांजुला आहे, साहेब."

"अरे वा! आणि मला सांगितलंही नाहीत. मटोके राखून ठेवा माझ्यासाठी." तो हसला. मग म्हणाला, "आणि ऐका, हे तर फार कामाचं झालं. आमच्या फोटो वाचणाऱ्या यंत्राला हा फरक कळत नव्हता. समारंभाच्या आधी बाग अशी लाल दिसते, ती रोगाने नाही, पानं कापल्याने, असं मी त्याला तुमच्या बागेवरून शिकवतो. तुमच्याइतकी खात्रीची उत्तरं दुसऱ्या कुणाची नाहीत. इतर गावांतही वणवण वाचेल लोकांची."

"माझ्या बागेवरून नका," ती पटकन म्हणाली.

"का हो?"

नालोंगोच्या हातातला फोन गरम झाला होता. दारात गोरेत्ती उभी राहून कान देत होती.

"काही नाही. उगीच. बागेला दृष्ट लागते," ती म्हणाली.

"आकाशवालीच्या बागेला कुणाची दृष्ट लागणार!" लुब्वामा म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

तिसऱ्यांदा उत्तर द्यायची वेळच आली नसती तर बरं झालं असतं, पण आली. समारंभाला पाच दिवस होते. तिने तेच दाबलं. यंत्र आता शिकलं होतं. त्या वेळी ठिपका लालही नव्हता, नुसता पिवळसर होता. यंत्र तिच्याशी सहमत व्हायला लागलं होतं. हे पाहून तिला जे वाटलं ते तिने कधी कुणाला सांगितलं नाही. सुटका वाटली होती.

समारंभाच्या आदल्या दिवशी सकाळीच बायका आल्या. कुणाकडे समारंभ असला की आळीतल्या सगळ्या बायका आपापला कोयता घेऊन येतात. पानं कापायची, विस्तवावर शेकून मऊ करायची, शिरा काढायच्या, मटोके सोलून त्यात बांधायचे, पातेल्यात रचायचे. ही कामं मागावी लागत नाहीत. न येणं म्हणजे भांडण असतं.

सगळ्यांच्या आधी आली ती जज्जा तेओपिस्ता. जज्जा म्हणजे आजी. नात्याची नव्हे, पण पायवाटेपलीकडची शेजारीण, ऐंशीच्या घरातली, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली. तिची बाग लहान, चाळीसेक खांबांची, पण आरशासारखी. तिला दुसरं काहीच नव्हतं. मुलं गावाबाहेर होती, गाय नव्हती, जमीन तेवढीच. खाणं त्या बागेतून, मीठ-साबण त्या बागेतून. आणि पान बांधण्यात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. पाण्याचा थेंब आत जाणार नाही अशी गाठोडी ती बांधायची. नालोंगोच्या लग्नातही तिनेच बांधली होती.

नालोंगोने पुढे होऊन गुडघे टेकले. "कशा आहात, जज्जा?"

"जिवंत आहे गं. उठ, उठ, आज तुला वेळ नाही टेकायला. नवरीची आई तू." तेओपिस्ताने आपला कोयता दाखवला. मुठीला सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलेलं होतं. "कालच धार लावली. केस कापला तर दोन होतील."

नालोंगोने बायकांना पुढच्या बाजूला नेलं. "इथली कापा. मागच्या बाजूला जाऊ नका, तिथे चिखल आहे."

"चिखल?" गोरेत्ती म्हणाली. "दहा दिवस पाऊस नाही आणि चिखल? मागे काय लपवलंयस गं, दुसरा जावई?"

बायका हसल्या. नालोंगोही हसली. ती बाकीच्यांना टोपल्या वाटायला वळली, नाकाटोने कशासाठी तरी हाक मारली, ती आत गेली, बाहेर आली. तेवढ्यात तेओपिस्ता दिसेनाशी झाली होती.

नालोंगो धावतच स्वयंपाकघरामागे गेली. म्हातारी नाकितेंबेच्या खांबांत उभी होती, आणि तिच्या खांद्यावर पानांचा मोठा भारा होता. तिला आता नीट दिसायचं नाही. लोंबती पानं तिने बाजूला सारली होती आणि आतली कोवळी कापली होती.

"चिखल कुठे आहे?" ती म्हणाली. "तुझ्या सासूच्या केळी या. हिचं पान सगळ्यांत मऊ. मुलाकडच्या मोठ्या लोकांच्या गाठोड्यांना हीच लागतील. पण पुरणार नाहीत. थांब, माझ्याकडची आणते. माझ्यातही दोन बुंधे आहेत याच जातीचे, तुझ्या सासूनेच मुनवा दिला होता."

आणि ती निघाली, पायवाट ओलांडून, हातात तो कोयता. पात्यावर चीक होता, सकाळच्या उन्हात चकाकणारा.

नालोंगो पाच पावलं तिच्या मागे गेली. एवढंच म्हणायचं होतं, जज्जा, धार जाळावर धरा. हे वाक्य तिने या गावात हजारदा म्हटलं होतं. शाळेत म्हटलं होतं, चर्चबाहेर म्हटलं होतं. चूल दहा पावलांवर पेटलेली होती. पण आज, माझ्या बागेतून निघताना म्हटलं तर? तेओपिस्ता विचारील, "का गं, तुझ्यात काही आहे?" गोरेत्ती तिथेच होती, ओट्यावर बसून मटोके सोलत, डोळे इकडे.

"जज्जा," नालोंगोने हाक मारली.

"काय?"

"तो कोयता ठेवा. माझा घेऊन जा, हलका आहे."

"तुझा नको बाई. माझ्या हाताला माझाच लागतो. चाळीस वर्षांचा आहे तो."

गोरेत्ती ओरडली, "जाऊ दे ना तिला! पानं उशिरा आली तर मटोके रात्री शिजतील का?"

नालोंगो थांबली. पायवाटेच्या अलीकडे उभी राहिली. पलीकडे तेओपिस्ताच्या बागेत पान कापल्याचा आवाज आला, एकदा, मग पुन्हा, मग पुन्हा. ती मोजत नव्हती, पण सात झाले.

क्वांजुला फार छान झालं. अजून लोक सांगतात. मुलाकडचे चाळीस लोक आले, टोपल्यांत मांस, साखर, कपडे, जिवंत कोंबडा. नाकाटो निळ्या बुसुटीत आली तेव्हा बायकांनी किलकाऱ्या केल्या. मुलाच्या सेंगाने गाठोडी सोडली, मटोक्याची वाफ वर आली, आणि तिने मोठ्याने म्हटलं, "ही कुणी बांधली? आणि ही बाग कुणाची? आमच्या मुलाला सुनेबरोबर ही बागही द्या!" सगळे हसले. सालोंगो अभिमानाने नालोंगोकडे बघत होता. तिने खाली पाहिलं. लोकांना वाटलं, लाजली.

तिसऱ्या दिवशी पाहुणे गेल्यावर तिने मागचे वीस खांब स्वतः उपटले. सालोंगोला म्हणाली, "जुने झाले होते." त्याने विचारलं नाही. तिने फोनवर काहीही लिहिलं नाही.

ऑक्टोबरच्या मध्यावर फोन वाजला. लाल ठिपका होता. पायवाटेच्या पलीकडे.

नालोंगो बराच वेळ ओट्यावर बसून राहिली. मग गेली.

तेओपिस्ता दारातच होती, चटईवर, पाय पसरून. नालोंगोने गुडघे टेकले. तिकडची रीतच आहे ती, मोठ्यांपुढे टेकूनच बोलायचं, त्यामुळे आज ती वेगळी टेकली आहे हे म्हातारीला कळायचं काही कारण नव्हतं.

"तुझ्या फोनने सांगितलं ना?" तेओपिस्ता म्हणाली. "मला वाटलंच. चल, बघ."

दोन्ही नाकितेंबे गेल्या होत्या, आणि त्यांच्या आजूबाजूचे अकरा खांब. मधल्या काळात म्हातारीने त्याच कोयत्याने रोज काहीतरी कापलं होतं, कुठे वाळकं पान, कुठे घड. पुढच्या रांगेतही पानं मोडायला लागली होती. नालोंगोने एकाला चीर दिली. थेंब आले. तिने तोंड फिरवलं नाही. बघत राहिली.

"माझीच चूक आहे," तेओपिस्ता मागून म्हणाली. "तू किती वेळा सांगितलंस, जाळावर धर, जाळावर धर. मी विसरते. कुठून तरी घेऊन आले असेन मी, बाजारातून, कुणाच्या तरी घरून. मुलाला फोन केला तर तो म्हणाला, आई, आता तुला इकडे न्यावं लागेल. मला नाही जायचं गं तिकडे. तिसऱ्या मजल्यावर राहतात ती."

नालोंगोने फोन बाहेर काढला.

म्हातारी जवळ आली, आवाज खाली आणून म्हणाली, "एक विचारू? रागवू नको. त्या फोनमध्ये दुसरं काही लिहिता येत नाही का? वारा, नाहीतर पानं कापली, असं काहीतरी? नाताळपर्यंत. एवढे घड उतरले की मीच काढीन सगळं. तुझ्या हातात आहे म्हणून विचारते. नसेल होत तर राहू दे."

तेव्हा नालोंगो खाली बसली. पाचोळ्यातच बसली. तिला वाटलं होतं की सांगायला खूप शब्द लागतील. लागले नाहीत.

"ते मी केलं, जज्जा. माझ्या बागेत. ऑगस्टमध्ये. रोग होता आणि मी लिहिलं, पानं कापली. तीन वेळा. तुम्ही स्वयंपाकघरामागे जी कापली ना, त्या खांबांत होता. तिथून तुमच्या कोयत्याला लागला. मला माहीत होतं. तुम्ही निघालात तेव्हा मला माहीत होतं."

तेओपिस्ता उभीच राहिली. कुठल्यातरी कोंबडीने बाजूला पाचोळा उकरायला सुरुवात केली आणि दोघी तिच्याकडे बघत राहिल्या, जणू तिनेच आता काही बोलायचं होतं.

"म्हणून माझा कोयता घ्या म्हणालीस," म्हातारी शेवटी म्हणाली.

"हो."

"पोरी, नुसतं जाळावर धर म्हणाली असतीस. मी हसले असते आणि धरला असता. तू ते रोजच म्हणतेस. कुणाला काय कळलं असतं?"

नालोंगोने वर पाहिलं. हे तिच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. त्या दिवशी ते वाक्य म्हणण्याने काहीही बिघडलं नसतं. ते तिच्या तोंडातलं रोजचं वाक्य होतं, कुणाचं लक्षसुद्धा गेलं नसतं. आपण आपली अब्रू राखतोय असं तिला वाटलं होतं, आणि त्या क्षणी अब्रूला धोकाच नव्हता. ती नुसती भ्यायली होती, आणि भीतीने तिला एवढंही सुचू दिलं नव्हतं. शिव्या दिल्या असत्या तर तिने झेलल्या असत्या. हे झेलता येईना.

"उठ," तेओपिस्ता म्हणाली. ती रागावलेली दिसत नव्हती आणि मऊही झालेली नव्हती. "फोनमध्ये खरं लिही. नाताळचं मी बोलले ते विसर. आणि मग घरी जा. आज मला तू इथे नको आहेस."

नालोंगोने "रोग" दाबलं, फोटो काढला, समोरचाच. मग घरी न जाता वाटेवर उभी राहून तिने लुब्वामाला फोन केला.

तो आधी हसत होता. तिने सगळं सांगितलं. "किती वेळा, नालोंगो?"

"तीनदा."

"मी तुमच्या बागेवरून त्याला शिकवलंय," तो म्हणाला. "बाकी गावांतही. गेल्या महिन्यात दोन गावांत लग्नं होती. तिथे लाल आलं नाही म्हणून आम्ही कुणालाच पाठवलं नाही." कागद चाळल्यासारखा आवाज आला. "तुम्ही मला म्हणाला होतात, माझ्या बागेवरून नको. मी विचारायला हवं होतं तेव्हा."

"तुम्ही विचारलं होतंत, साहेब," ती म्हणाली. "मी दृष्ट म्हणाले."

त्या रविवारी चर्चमधून लोक बाहेर पडत असताना ती पायरीवर उभी राहिली आणि सगळ्यांना सांगितलं. ईस्टरपर्यंत थांब म्हणणारी बाई पुढेच होती. तिने फक्त आपल्या मुलीचा हात धरला आणि निघून गेली. गोरेत्ती मात्र तिथेच उभी राहिली.

पुढे कुणाचं काय झालं ते सांगायला हवं.

त्या दोन गावांत मिळून चौदा बागा गेल्या. लुब्वामाने पाच महिने खपून यंत्राला शिकवलेलं पुसलं, आणि तेव्हापासून प्रत्येक उत्तराला एकाऐवजी दोन माणसांना पाठवायची पद्धत सुरू झाली. नंतर तो मोठ्या नोकरीवर राजधानीला गेला. लग्न केलं, आणि पत्रिका नालोंगोला पाठवली. ती गेली नाही.

गोरेत्तीचा नवरा दोन हजार वीस साली वारला. त्यानंतर ती शनिवारचा विषय काढत नसे. फोन तिच्याकडे आला, आणि ती तो इतक्या कडकपणे चालवते की लोक आता तिला घाबरतात.

नाकाटोला हे सगळं बाबिर्येकडून कळलं. ती वर्षभर घरी आली नाही. मग मुलगी झाल्यावर आली आणि मुलीला आईच्या मांडीवर ठेवलं. तिला आता दोन मुलं आहेत.

तेओपिस्ताची सगळी बाग काढावी लागली. तिथे तिने रताळी लावली. मुलगा न्यायला आला, ती गेली नाही. नालोंगो रोज पलीकडे जेवणाचं भांडं पाठवायची. पहिले चार महिने ते न उघडता परत यायचं, मग रिकामं यायला लागलं. बोलणं झालं, पावसाचं, पोरांचं, रताळ्यांचं. त्या दिवसाचं पुन्हा कधीच नाही. दोन हजार बावीसच्या जूनमध्ये म्हातारी वारली. मातीला आलेल्यांच्या जेवणाला पानं बाहेरच्या गावातून आणावी लागली. तिच्यासारखी गाठोडी कुणाला बांधता आली नाहीत, आणि मटोक्यात पाणी गेलं.

सालोंगोने कधीच काही विचारलं नाही. एकदाच, खूप वर्षांनी, तो म्हणाला, "त्या केळी जुन्या झाल्या नव्हत्या, मला माहीत होतं." नालोंगो म्हणाली, "हो." बस्स.

तिने घरामागे पुन्हा नाकितेंबे लावल्या नाहीत. पुढची बाग अजून आहे, आणि चांगली आहे. कुणी आत येऊन गार वाटतं म्हणालं की ती बसायला देते आणि पाणी आणायच्या निमित्ताने आत जाते.